शिरानेची काच

"काच कधी खोटं बोलत नाही," असं तेत्सुओ उसामी आयुष्यभर सांगत आले. माणसं बोलतात, जाहिराती बोलतात, सरकार तर बोलतंच. पण काच नाही. इताबाशीतल्या भिंगांच्या कारखान्यात अडतीस वर्षं काच घासून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं म्हणायचा हक्क होता, आणि ऐकणारे माना डोलवत. काचेच्या वतीनं जे काही खोटं बोलावं लागे, ते उसामी स्वतः बोलत. हे ठाऊक असण्याची शक्यता जगात एकाच माणसाच्या बाबतीत होती, आणि तो माणूस नऊ जूनला वारला.

त्याचं नाव किरितानी. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्टेशनमागच्या कॉफीच्या दुकानात जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचं मंडळ भरे, तिथले ते सभासद. एकूण सात सभासद, सरासरी वय त्र्याहत्तर. प्रत्येकानं एक कॅमेरा किंवा एक लेन्स आणायची, मऊ कापडावर ठेवायची, आणि बाकीच्यांनी ती उचलून उजेडाकडे धरायची. रेंजफाइंडरच्या खिडकीतून पाहिलं की समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठसठशीत आणि एक फिकट. लेन्सची कडी फिरवून फिकट प्रतिमा ठसठशीत प्रतिमेवर बसवली की नेम लागला. मंडळी दुपारभर एकमेकांवर नेम लावत बसत. फोटो मात्र कोणी काढत नसे. फोटो काढायचा तर फिल्म घालावी लागते, फिल्म घालायची तर मागचं झाकण उघडावं लागतं, आणि झाकण उघडलं की धूळ आत जाते. एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नसे, तो मंडळात टिकत नसे.

शिराने नावाचा कारखाना सत्तर वर्षांपूर्वी निघाला, तीन वर्षं चालला आणि बुडाला. तेवढ्या काळात त्यानं पाच सेंटिमीटरच्या जेमतेम तीनशे लेन्स केल्या. त्यातल्या दोन मंडळात होत्या. एक उसामींची. फेब्रुवारीत एका मोठ्या दुकानाच्या आठव्या मजल्यावर जुन्या कॅमेऱ्यांची जत्रा भरते. तिथे कडाक्याच्या थंडीत चार तास रांगेत उभं राहून, दार उघडताच कोपरं मारत पुढे घुसून मिळवलेली. घरी आणून उजेडाकडे धरली, तर मागच्या भिंगात बुरशीचा एक पांढरा तंतू. दुसरी किरितानींची. समुद्राकाठच्या गावी मेव्हणीच्या मुलीच्या लग्नाला गेले असताना एका घड्याळजीकडे, बंद पडलेल्या गजराच्या घड्याळांत सापडलेली. आत काच आहे की नाही याची शंका यावी, इतकी नितळ. रांगेत गारठलेल्याला बुरशी आणि लग्नाला जेवून आलेल्याला नितळ काच, हा न्याय उसामींच्या घशाखाली कधी उतरला नाही.

अकरा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात किरितानींनी ती लेन्स आपण होऊन उसामींच्या हाती दिली.

"कडी जड फिरते हो. वंगण सुकलंय. असले हात मंडळात तुमचेच."

"ठेवून जा. तीन दिवस लागतील."

लेन्सच्या तोंडाशी एक पातळ कडी असते. तिच्यावर कारखान्याचं नाव आणि लेन्सचा नंबर कोरलेला असतो. रबराचं बूच दाबून फिरवलं की ती सुटते. उसामींनी आधी इमानेइतबारे वंगण बदललं. मग दोन्ही लेन्स शेजारी ठेवल्या, दोन्हींच्या नावाच्या कड्या काढल्या आणि हिची तिला, तिची हिला बसवली. दोन मिनिटांचं काम. नावं जागच्या जागी राहिली, काचा घर बदलून गेल्या. तिसऱ्या दिवशी किरितानी आपल्या नंबरची लेन्स घेऊन, चार वेळा वाकून आभार मानून गेले. तिच्यात उसामींची बुरशी होती. किरितानींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता, आणि उसामींनी तो धरूनच बेत केला होता.

डिसेंबरच्या बैठकीत उसामींनी जाहीर केलं, की बुरशी आपण स्वतःच्या हातांनी काढली. लेन्स हातोहात फिरली. "वा!", "काय हात आहेत!" असं होत होत ती किरितानींपर्यंत आली. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन पंधरा दिवसांपूर्वीच झालंय, हे उसामींना तिथेच कळलं. किरितानींनी लेन्स खिडकीकडे धरली. बराच वेळ धरली. मग घशातून नुसता आवाज काढला, "ह्ं," आणि लेन्स पुढे सरकवली.

त्या 'ह्ं'चा अर्थ लावण्यात उसामींची अकरा वर्षं गेली.

नवीन वर्षाला किरितानी नेहमीसारखे घरी आले, साके पिऊन गेले, लेन्सबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. ते गेल्यावर उसामींनी लेन्स कातडी पिशवीत घातली, पिशवीची गुंडी लावली आणि भिंगांच्या कपाटात सगळ्यांत मागे सारली. कातडं ओल धरून ठेवतं, लेन्स कातड्यात ठेवू नये, हे ते स्वतः नव्या सभासदांना शिकवत. पण ही लेन्स उजेडाकडे धरली की काचेत किरितानींचं तोंड दिसेल अशी त्यांची खात्री होती, आणि ते तोंड त्यांना दर महिन्याला तसंही पाहावं लागत होतं.

किरितानी मात्र सोडायला तयार नव्हते. कॉफीत साखर ढवळता ढवळता विचारत, "उसामीसान, शिराने बरी आहे ना? एवढ्यात उघडून पाहिलीत का?" दर नववर्षाला त्यांचं पोस्टकार्ड येई. त्यावर घोडा, ससा, जे काय त्या वर्षाचं जनावर असेल ते, आणि खाली एकच ओळ: शिराने पाहिलीत का? बायको सुमिए ते कार्ड मोठ्यानं वाचून दाखवी. उसामींच्या घशात तांदळाची वडी अडके.

मग जूनमध्ये किरितानी गेले. झोपेत गेले. अंत्यदर्शनाला मंडळाचे सहाही जण रांगेत उभे होते. शवपेटीच्या झाकणातल्या खिडकीतून त्यांनी किरितानींचा चेहरा पाहिला.

"वयाच्या मानानं उत्तम," एक जण हळूच म्हणाला.

"किरकोळ ओरखडे सोडले तर," दुसरा म्हणाला. मंडळात याहून मोठी श्रद्धांजली नव्हती.

उसामी पाहत होते ते किरितानींच्या भुवया. पांढऱ्या, लांब, टोकाशी वळलेल्या. जिवंतपणी त्या एवढ्या लांब कधी वाटल्या नव्हत्या.

सातव्या दिवशी सकाळी दहाला, गॅलरीत स्वच्छ ऊन असताना, उसामींनी कपाट उघडून लेन्सची महिन्याची तपासणी सुरू केली. बाकीच्यांची भुतं काळोखात येत असतील. भिंगवाल्याचं भूत उन्हात येतं, कारण उन्हाशिवाय त्याला दिसत नाही. तिसरी लेन्स उजेडाकडे धरली आणि त्यांचा हात थांबला. भिंगाच्या कडेला एक पांढरा तंतू होता. लांब, टोकाशी वळलेला.

कपाटाच्या दारावर आतला दमटपणा दाखवणारा काटा असतो. तो चाळीसवर होता, म्हणजे ठीक. तो गेली कित्येक वर्षं चाळीसवरून हललाच नव्हता, आणि याला उसामी कपाटाचा प्रामाणिकपणा समजत.

चौदाव्या दिवशी आणखी एका लेन्समध्ये दोन तंतू दिसले. दोन भुवया. एकविसाव्या दिवशी कपाटाचं दार उघडताच किरितानी सदा चघळत त्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास आला, थोडा ओवा आणि थोडं जुनं कपाट. आणि आतून, मागच्या बाजूनं, अगदी स्पष्ट:

ह्ं.

उसामींनी दार लावलं. स्वयंपाकघरातून सुमिएचा आवाज आला, "अहो, खोकला झालाय का?"

"मी नाही खोकलो."

"मग कोण खोकलं?"

"कपाट."

सुमिए पदराला हात पुसावेत तशी ॲप्रनला हात पुसत बाहेर आली. नवऱ्याचं तोंड पाहिलं. "काय झालं? पांढरेफटक पडलात."

"किरितानीसान रागावलेत. माझ्या भिंगांत येऊन बसलेत. एकेक करून सगळी खाणार."

"मेलेल्या माणसाला तेवढाच उद्योग राहिलाय होय? माझी आई जाऊन वीस वर्षं झाली. जन्मभर तिला माझ्या सूपात मीठ कमी लागायचं, पण एकदा सांगायला आली नाही ती." ती वळली, मग थांबली. "आणि का रागवतील ते तुमच्यावर?"

उसामी कपाटाच्या दारावरचा काटा बाहीनं पुसू लागले. सुमिएनं तीन मोजेपर्यंत वाट पाहिली आणि आत गेली. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला कळलं होतं, की हा माणूस गप्प बसला म्हणजे कुठल्या तरी लेन्सची किंमत दडवतोय. या वेळी ते नव्हतं, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

अठ्ठाविसावा दिवस गेला, पस्तिसावा गेला. आता पाच लेन्स गेल्या होत्या. उसामी एक लेन्स प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून निशिगाकीच्या दुकानी गेले. निशिगाकी जुन्या कॅमेऱ्यांचा व्यापारी. मंडळातला प्रत्येक जण त्याच्याकडे कधी ना कधी रडला होता.

"बुरशी आहे," उसामी दारातून म्हणाले.

"थांबा! तिथेच थांबा!" निशिगाकी गल्ल्यामागून ओरडला. "उंबऱ्याच्या आत आणू नका. बाहेर बाकावर ठेवा, मी येतो." तो हातमोजे घालून आला. पिशवीतूनच लेन्स उन्हात धरून पाहिली, आणि डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात तसं उसामींकडे पाहिलं. "किती जणांना लागण?"

"पाच."

"कपाटात जुना रोगी असणार कोणी तरी."

"नाही. माझ्याकडे असलं काही नाही."

"असतो हो. नेहमी एक असतो. सगळ्यांत मागे, सगळ्यांत लाडका. ज्याला कोणी उघडून बघत नाही, तोच." निशिगाकीनं हातमोजे काढून कचऱ्यात टाकले. "सगळेच 'नाही' म्हणतात, मन लावून घेऊ नका."

परतताना उसामींना निशिगाकीचं बोलणं पटलं नाही. मागची लेन्स तर किरितानींची. जगातली सगळ्यांत नितळ शिराने. रोग तिच्यात नव्हता. रोग होता तो त्यांनी अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या घरी पाठवला होता, आणि आता त्या घरचा माणूस तो एकेक तंतू करून परत करत होता.

एकोणपन्नास दिवस मेलेला माणूस घुटमळतो, मग त्याचा निकाल लागतो आणि तो पुढे जातो. नंतर माफी मागायची तर कोणाकडे? उसामींनी ठरवलं, की एकोणपन्नासाव्या दिवशी जायचं, किरितानींच्या फोटोसमोर त्यांच्या बायकोला सगळं सांगायचं आणि लेन्स परत करायची. मंडळाला कळेल. मंडळात पुन्हा तोंड दाखवता येणार नाही. चाळीस वर्षांत त्यांनी जमवलेल्या एकशे बारा कॅमेऱ्यांपेक्षा त्या सहा म्हाताऱ्यांतली आपली खुर्ची आपल्या लेखी जड आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. आता सहातले पाच उरले होते हेही.

सत्तावीस जुलैला दुपारी ते गेले. सकाळी भिक्खू येऊन मंत्र म्हणून गेले होते, नातेवाईक जेवून पांगले होते. किरितानींच्या पत्नी तोयोकोबाई एकट्याच होत्या. काळ्या कपड्यांतल्या छोट्याशा बाई, लुकलुकते डोळे. उसामींनी देव्हाऱ्यासमोर उदबत्ती लावली, हात जोडले. फोटोतले किरितानी भुवया उंचावून त्यांच्याकडे पाहत होते, एवढ्यात काही पाहिलंत का, असं विचारल्यासारखे.

"तोयोकोसान, मला काही सांगायचंय," उसामी म्हणाले.

"आधी चहा घ्या. आणि हे." त्यांनी एक छोटी लाकडी पेटी चटईवरून त्यांच्याकडे सरकवली. "यांच्या वस्तूंची वाटणी करतेय आज. काय कोणाला, ते लिहून ठेवलं होतं यांनी. घड्याळ धाकट्या भावाला, टोप्या शेजाऱ्यांना. आणि वर, सगळ्यात पहिलं, शिराने उसामीला."

उसामींना तो डाव कळला. आपली बुरशी आपल्यालाच, सन्मानानं, पेटीत घालून. जाता जाता माणूस हिशेब चुकता करून गेला होता. त्यांनी पेटी उघडली, लेन्स उचलली. किरितानींचा नंबर. आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप खिडकीकडे गेला.

आत काही नव्हतं. तंतू नाही, धूळ नाही, काच असल्याचाही पुरावा नाही. फक्त जुलैचं आकाश, आणि त्यात उलटी टांगलेली समोरच्यांच्या गॅलरीतली धुणी.

उसामींनी पुन्हा पाहिलं. मग घाईघाईनं आपल्या झोळीतून कातडी पिशवी काढली. अकरा वर्षांत गुंडी चिकटली होती. ती तुटून हातात आली. आतून खोकल्याच्या गोळ्यांचा वास आला. त्यांनी स्वतःच्या नंबरची लेन्स खिडकीकडे धरली, आणि एक डोळा मिटला.

आत पांढरं रान होतं. तंतूंतून तंतू फुटलेले, फांद्या, पारंब्या, मधोमध एक उजळ ठिपका. पलीकडे आकाश असलं तर ते दिसत नव्हतं.

"अगं बाई," तोयोकोबाई म्हणाल्या. "अजून पाहिलीच नव्हती तुम्ही?"

"हे... ही तर माझी आहे. माझीच."

"मग कोणाची असणार? यांनी कड्या पुन्हा बदलून तुमची तुम्हाला ठेवली ना, त्याच नवीन वर्षाला. तुमच्याकडे साके प्यायला आले होते ते. तुम्ही साके गरम करायला आत गेलात, तेवढ्यात." त्या हसू दाबत होत्या. "म्हणाले, एकदा गरम करून आणली तर वेळ पुरेना, म्हणून गार आहे म्हणून परत पाठवली."

उसामींना ती साके आठवली. दुसऱ्यांदा तर ती उकळली होती. किरितानींनी ती जीभ भाजत प्यायली होती आणि 'आता कशी' म्हणाले होते.

"त्यांना... ठाऊक होतं?"

"डिसेंबरातच. घरी आले ते हसत हसत. म्हणाले, तेत्सुओनं माझी काच चोरली, काय सुंदर काम केलंय, कडीवर नखाएवढा ओरखडा नाही. मी म्हटलं, पोलिसात जा. तर म्हणाले, छे, मी परत चोरतो." त्यांनी चहाचा पेला हातात फिरवला. "मग दर नवीन वर्षाला फोनजवळ बसायचे. यंदा तो उघडून बघेल, म्हणायचे. बघेल, मला शिव्या घालेल, मग मी त्याला शिव्या घालीन, मग आम्ही दोघं पीत बसू. तीन दिवस कोणाला फोन करू द्यायचे नाहीत, लाइन मोकळी हवी म्हणून. गेल्या जानेवारीतसुद्धा."

"मला वाटलं, टोमणा मारतात."

"टोमणा कसला? सरळ सांगत होते की, उघडून बघ. आणखी काय लिहायचं होतं त्यांनी कार्डावर?"

उसामींच्या एका हातात नितळ काच होती आणि दुसऱ्या हातात रान. त्यांच्या घरी भूत नव्हतं. भूत कोणाच्याच घरी नव्हतं. होता तो एक माणूस, अकरा जानेवाऱ्या फोनशेजारी बसलेला. आणि दुसरा, अकरा वर्षं स्वतःचीच बुरशी चोरीचा माल म्हणून कातड्यात जपणारा. काच खरंच खोटं बोलली नव्हती. तिला कोणी विचारलंच नव्हतं. भूत असतं तर बरं झालं असतं, असं उसामींना वाटलं. भुताची माफी मागता आली असती.

तरी त्यांनी मागितली. दोन्ही लेन्स बाजूला ठेवल्या, गुडघ्यांवर मागे सरकले, दोन्ही तळवे चटईवर टेकले आणि कपाळ चटईला लावलं. सगळं सांगितलं. तोयोकोबाईंना माहीत असलेलंसुद्धा पहिल्यापासून सांगितलं. रांगेतली थंडी, घड्याळाचं दुकान, मोतीबिंदू. मोतीबिंदूपाशी त्यांचा आवाज फुटला, कारण ते त्यांनी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. म्हणाले, मी चोर आहे, आणि चोराहून वाईट, मी घाबरट आहे. त्यांनी अकरा वर्षं माझी वाट पाहिली आणि मी त्यांच्यापासून तोंड लपवलं. ही लेन्स मी घेऊ शकत नाही. मंडळाला मी स्वतः सांगेन. मला क्षमा करा, नाही तर करू नका, पण त्यांना पुढे जाऊ द्या.

बोलणं संपलं. कपाळ चटईवरून उचलायचा त्यांना धीर होईना. खोलीत कुठलाच आवाज नव्हता. उदबत्तीची राख पडली असेल, तेवढीच. मग देव्हाऱ्याच्या बाजूनं, अगदी जवळून, कोणी तरी घसा साफ केला.

ह्ं.

उसामींनी कपाळ चटईवर आणखी घट्ट दाबलं.

"उसामीसान," तोयोकोबाई म्हणाल्या.

"बोला," उसामी चटईतच म्हणाले.

"खाली वाकलाच आहात, तर तेवढं त्या देव्हाऱ्याखाली हात घालून बघता का? घंटी वाजवायची छोटी काठी तिसऱ्या आठवड्यापासून सापडत नाहीये. मी आपली जेवायच्या काडीनं वाजवतेय, आणि यांना वाटत असणार की पान वाढलंय."